घंटा गप्प, तेव्हा मी

मित्रांनो, कपाटाचे दार उघडलेत ते बरे झाले. आत काय दिसते? एक फळी, तिला एक मूठ, आणि पट्टी गुंडाळलेली एक लाकडी हातोडी. कपडे बडवायचे धोपटणे वाटते ना? एका पाहुण्या बाईंना तसेच वाटले होते. त्यांनी मला नळापर्यंत नेलेही होते. देऊळ झाडणाऱ्या मावशी वेळेवर आल्या म्हणून माझी अब्रू वाचली. तेव्हा आधी ओळख करून देतो. मी या ख्रिस्ती देवळाचा खटखटा. जुना आहे, पण धोपटणे नव्हे.

मूठ धरून मनगट वळवले, की माझी हातोडी फळीच्या एका बाजूला आपटते. उलटे वळवले, की दुसऱ्या बाजूला. खट, खट, खट. एवढेच माझे गाणे. पण त्याला कमी समजू नका. माझा आवाज ऐकून मनोऱ्यातले पारवे एकदा असे उडाले, की थेट डोंगरापलीकडे जाऊन उतरले आणि ईस्टर झाल्यावर लाजत लाजत परतले. गल्लीच्या टोकाला एक ठार बहिरे आजोबा राहत. माझा ठोका पडला तशी ते म्हणाले, "कोण आहे? दार ढकला, उघडंच आहे." खोटे वाटते? वाटू दे. वर्षातले तीनच दिवस ज्याला बोलायला मिळते, त्याने उरलेले दिवस अंधारात बसून करायचे तरी काय? थापा जुळवायच्या. मात्र पुढे एक जागा येईल, तिथे मी थाप मारणार नाही. मारता आली असती तर किती बरे झाले असते, असे ती जागा आली की तुम्हालाही वाटेल.

माझे लाकूड साधे नाही. देवळातल्या अगदी शेवटच्या बाकाला गुडघे टेकायची एक फळी होती, तिच्यातून मी निघालो. शेवटच्या बाकावर कोण बसते, ठाऊक आहे ना? उशिरा येणारे, लवकर निसटणारे, आणि ज्यांना पुढे जाऊन देवाच्या नजरेला नजर द्यायची हिंमत होत नाही ते. त्यांचे गुडघे फळीवर टेकत आणि कुजबुज खाली झिरपून लाकडात मुरे. "देवा, एवढ्या वेळ सांभाळून घे." "देवा, तिला बरं वाटू दे, मी सिगारेट सोडतो. उद्यापासून." पुढे नवे बाक आले आणि ती फळी सुताराच्या हाती पडली. हा सुतार पाळणेही करी आणि शवपेट्याही. "माणूस येताना माझ्याकडे येतो, जाताना माझ्याकडे येतो," तो म्हणे, "मधे खुर्ची घ्यायची वेळ आली, की जातो दुसरीकडे." त्याने फळीवर बोटाने टकटक केली, कान लावला आणि म्हणाला, "हिच्यात बरंच बोलणं साठलंय. ही जाळायची नाही." तीच गोष्ट माझ्या जन्माची.

वर मनोऱ्यात घंटा आहे. काशाची, पोट सुटलेली आणि तोऱ्यात राहणारी. बाळ जन्मले की ती बोलणार, लग्न लागले की ती बोलणार, माणूस गेले तरी तीच बोलणार. पण ईस्टरआधीचा उपवासकाळ सरत येतो, पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी गौरवगीत संपते, आणि तिची जीभ बांधली जाते. वेदीवरची वस्त्रे काढून घेतात. मूर्ती जांभळ्या कापडाखाली असतात. शनिवारी अंधार पडून प्रभूच्या पुनरुत्थानाचे गीत सुरू होईपर्यंत देऊळ म्हणजे शोकाचे घर, आणि शोकाच्या घरात धातूचा झणत्कार शोभत नाही. तिथे लाकडाचा कोरडा आवाजच चालतो. त्या दिवसांत लोकांना प्रार्थनेला बोलावतो तो मी.

आता माझ्या माणसाविषयी. देवळाचा घंटावाला. जन्मभर घंटेखाली उभे राहून त्यांचे कान अधू झाले होते, आणि आपला आवाज आपल्याला ऐकू येईपर्यंत माणूस तो चढवीतच जातो. म्हणून सगळे त्यांना भोंगाकाका म्हणत. काकांनी कुजबुजायचे ठरवले, तरी दोन गल्ल्यांना बातमी कळे. तुमच्या झग्याला मागे भोक पडले आहे, असे एकदा त्यांनी फादरांच्या कानात सांगितले, तेव्हा पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्या माना त्या भोकाकडे वळल्या. काका पापनिवेदनाला आत शिरले, की मावशी बाहेर थांबलेल्या बायकांना घाईघाईने अंगणाच्या पार टोकाला नेऊन उभ्या करीत. "चला गं चला, आपल्याला कशाला दुसऱ्याची पापं," असे म्हणत. पण स्वतः मात्र झाडू घेऊन दाराशीच रेंगाळत.

काकांना एकच मुलगी. तिची आई ती लहान असतानाच गेली. मुलगी साळुंकीसारखी सारखी कलकल करी, म्हणून काका तिला साळू म्हणत. देवळामागच्या दोन खोल्यांत बाप आणि लेक एकाच वेळी बोलत, आणि दोघांनाही एकमेकांचे सगळे कळे. माझ्या दिवसांत मला फिरवायचा मान साळूचा. पायऱ्यांवर उभी राहून, दोन्ही हातांनी मूठ धरून, जीभ दातांत पकडून ती मला असे हलवी, की माझे सांधे बोलू लागत.

"बाबा, हा काय म्हणतो?" तिने एकदा विचारले.

"हा म्हणतो, या, या, प्रभू एकटा आहे. त्याला एकटं सोडू नका," काका म्हणाले. त्यांच्या मते हळूच म्हणाले. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई ताबडतोब प्रार्थनेला जायची ओढणी शोधू लागल्या.

तेव्हापासून साळू मला फिरवताना तेच पुटपुटत असे. या, या, प्रभू एकटा आहे.

मोठी झाल्यावर साळूने शहरात जाऊन नर्स व्हायचे ठरवले. त्यात वाईट असे काहीच नव्हते. काकांनाही त्यात वाईट काही सापडेना, आणि म्हणूनच ते फार संतापले. 'मला एकट्याला भीती वाटते' एवढे ज्याला म्हणता येत नाही, तो माणूस बाकीचे सगळे म्हणतो.

"इथली आजारी माणसं संपली काय?"

"बाबा, इथे दवाखाना आहे कुठे?"

"मग मीच आजारी पडेन. बघ माझं."

"तुम्ही? तुमचा आवाज ऐकून आजार उंबऱ्यावरूनच पळेल."

एरवी काका यावर पोट धरून हसले असते. त्या दिवशी ते दाराकडे बोट करून म्हणाले, "जा. पण हा उंबरा ओलांडलास, तर या तोंडातून तुझ्यासाठी पुन्हा शब्द निघणार नाही."

आवाज असा, की सगळ्या गल्लीने ऐकले. हळू बोलले असते, तर कदाचित ते परत घेता आले असते. साळूही त्यांचीच लेक. तिने पिशवी उचलली.

कोपऱ्यावरच्या दुकानात तिचा फोन येई. दुकानदार हाक मारी. काका दारापर्यंत येत, चौकट धरून उभे राहत आणि मागे फिरत. हळूहळू फोन येईनासा झाला. मग काका दुकानात जाऊन काहीबाही विकत घेऊ लागले आणि फोनकडे बघत उभे राहू लागले. घरात काड्यापेट्यांचा ढीग झाला.

त्यानंतरच्या पवित्र गुरुवारी घंटा थांबली. काकांनी दोर खांबाला गुंडाळला, मला कपाटातून काढले आणि मनोऱ्याच्या पायरीवर गुडघे टेकले. मी त्यांच्या छातीशी होतो, म्हणून ऐकले.

"देवा, माझं तोंड तुला माहीत आहे. त्यानंच घात केला. तर आता ते तुला देतो. दर वर्षी ही घंटा गप्प असेल तोवर मीही गप्प. कुणाशी म्हणजे कुणाशी एक शब्द नाही. तू फक्त माझ्या साळूला घरी आण. हे आपल्या दोघांतच राहू दे."

शहराची गाडी रोज दुपारी देवळासमोरूनच सुटते, मित्रांनो. काका तिच्यात बसले असते, तर दिवे लागायच्या आत साळूच्या दारात उभे असते. पण त्यांनी स्वतः जाण्याऐवजी देवाला पाठवायचे ठरवले. देवालाही गाडी मिळायला काही वर्षे लागली.

वर्षभर भोंगा आणि त्या तीन दिवसांत दगड. नवस कुणालाच ठाऊक नव्हता. लोकांना वाटे, उपवासकाळाचे मौन आहे. दूधवाला खूश असे. दुधात पाणी किती, यावरचे भाषण त्याला तेवढेच दिवस चुके. मावशी मुद्दाम छेड काढीत, "अहो घंटावाले, पायावर बाक पडला तरी 'आई गं' म्हणणार नाही का?" एकदा खरेच बाक पडला. काकांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आले, पण ओठ काही हलले नाहीत. फादरांनी तर प्रवचनात त्यांचे नाव घेतले. "मौन शिकायचं असेल तर आपल्या घंटावाल्यांकडून शिका," ते म्हणाले. काकांनी मान खाली घातली. त्यांना बरेही वाटले असावे. माझी मूठ त्यांच्या हातात होती, आणि त्यांचा तळवा गरम झाला होता.

आता ती जागा आली, मित्रांनो.

शुक्रवार होता, प्रभूच्या मरणाचा दिवस. दुपारच्या प्रार्थनेसाठी काका पायऱ्यांवर उभे राहून मला फिरवीत होते. उन्हात गल्ली पांढरी पडली होती. तिकडून एक बाई खांद्यावर पिशवी अडकवून आली आणि खालच्या पायरीवर थांबली. थोडी सुकलेली, केस मागे घट्ट बांधलेले. मी चटकन ओळखले. तिने माझ्याकडे आधी पाहिले आणि तिचे ओठ आपोआप हलले. या, या.

"बाबा," ती म्हणाली.

माझी हातोडी हवेतच राहिली. काकांचे तोंड उघडले, आत शब्द अगदी दाताशी आलेला मी पाहिला. आणि तोंड मिटले. त्यांनी मला पुन्हा फिरवायला सुरुवात केली, आधीपेक्षा जोराने.

त्यांच्या मनात काय चालले होते, ते मला मुठीतून कळत होते. देवाने आपला शब्द पाळला. साळू आली. आता आपण आपला मोडला आणि देवाने तिला परत नेले तर? उद्या घंटा वाजेल. तेवढाच वेळ. मग बोलू, रात्रभर बोलू, तिने कान झाकेपर्यंत बोलू.

प्रार्थनेत लोक रांगेने येऊन क्रुसाचे चुंबन घेत होते. साळू काकांच्या मागेच उभी होती. काकांनी प्रभूच्या पायांवर ओठ टेकले आणि ते तिथून हलेनात. फादरांनी खांद्याला हात लावून त्यांना उठवले. सगळ्यांना वाटले, केवढी भक्ती!

संध्याकाळी घरी काकांनी साळूपुढे पाव ठेवला, दूध तापवून दिले, आपली उशी तिच्या अंथरुणावर ठेवली. मला मांडीवर घेऊन ते समोर बसले.

"काड्यापेट्या इतक्या कशाला?" साळूने हसायचा प्रयत्न केला. काकांनी दूध तिच्यापुढे आणखी सरकवले. तिने रुग्णालयातल्या गमती सांगितल्या, सुई बघून पलंगाखाली शिरलेल्या पैलवानाची गोष्ट सांगितली. काकांचे डोळे हसले, तोंड नाही.

"मावशींनी सांगितलं मला," ती शेवटी म्हणाली. "या दिवसांत तुम्ही कुणाशीच बोलत नाही. सगळ्या गावासाठी गप्प आहात, कळलं. पण बाबा, मी गाव आहे का?"

काकांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. मग तो हवेतच थांबला. हात टेकला असता, तर शब्द फुटला असता. त्यांनी बोट खिडकीकडे केले. मनोऱ्याकडे.

"घंटा वाजेपर्यंत थांबू? मला उद्या दुपारची गाडी आहे, बाबा. रात्री कामावर हजर व्हायचंय. आजारी माणसं ईस्टर बघून आजारी पडत नाहीत." तिने दूध बाजूला ठेवले. "निघताना तुम्ही म्हणाला होतात, माझ्यासाठी शब्द निघणार नाही. मी म्हटलं, रागात माणूस काहीही बोलतो. म्हणून आले. तर एकदा नुसतं 'साळू' म्हणा. दुसरं काही नको. मी त्याच्यावर पुढची कितीतरी वर्षं काढीन."

काकांनी माझी मूठ अशी आवळली, की लाकूड करकरले. घरात तेवढाच आवाज झाला.

शनिवारी देवळात काही नसते. लोक येतात, देवळात मांडलेल्या प्रभूच्या कबरीपाशी नुसते बसतात आणि जातात. दुपारी साळूने पिशवी उचलली. दारात वाकून तिने बापाच्या पायांना हात लावला, एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि ती निघाली.

काका उठले ते मला घेऊन थेट मनोऱ्याकडे. त्या वयात दोन दोन पायऱ्या एकदम चढत ते वर गेले आणि त्यांनी दोर खांबावरून सोडवला. मला सगळे कळले. घंटा वाजली, की मौन संपणार होते. दोर तर त्यांच्याच हातात होता. ओढ, मी म्हणालो, ओढ! घंटासुद्धा, एवढी गर्विष्ठ, पण तीही श्वास रोखून वाट बघत होती. काकांनी दोर ताणला. आणि त्यांच्या डोळ्यांपुढे कबर आली. प्रभू अजून आत होता. जो अजून उठला नाही, तो उठला म्हणून गावाला कसे सांगायचे? त्यांच्या बोटांतून दोर निसटला.

मग त्यांनी मला उचलले. खिडकीशी आले. खाली गाडी उभी होती आणि साळू तिच्या पायरीवर होती. काकांनी मला खिडकीबाहेर काढून फिरवले.

मित्रांनो, पारव्यांची गोष्ट मी सांगितली ती थाप होती. आजोबांची पण. त्या दुपारी मात्र मी खरोखर ओरडलो. 'थांब! हे मौन तुझ्यासाठीच आहे! तुला बोलावायलाच हा माणूस गप्प बसला आहे!' माझ्यात शेवटच्या बाकाची जेवढी कुजबुज मुरली होती, तेवढी सगळी मी बाहेर फेकली. पण बाहेर काय पडले? खट. खट. खट. माझ्याकडे दुसरा शब्दच नाही.

साळूने वर पाहिले. क्षणभर पाहत राहिली. मग आत गेली. गाडी हलली. काका मला फिरवतच होते. कड् असा आवाज झाला, माझी हातोडी सांध्यातून निखळून लोंबू लागली, आणि त्याबरोबर काकांचे तोंड उघडले.

"साळू!"

गाडी वळणापलीकडे गेली होती. पारवे तेवढे उडाले.

हाक ऐकून फादर धापा टाकत वर आले. मागे झाडूसकट मावशी. काका जिन्याच्या पायरीवर बसले होते. त्यांनी सगळे सांगितले, नवसापासून. आयुष्यात पहिल्यांदा ते खरोखर हळू बोलत होते. फादरांना वाकून ऐकावे लागले.

फादरांनी झगा सावरला. मग तेही पायरीवर बसले.

"काका, शुक्रवारी घंटा गप्प असते. प्रभू कुठे गप्प होता? क्रुसावर खिळे ठोकल्यावरसुद्धा त्यानं आईची सोय लावली. शेजारच्या चोराला धीर दिला. श्वास पुरत नव्हता, तरी बोलला."

"मग हे मला आधी कुणी का नाही सांगितलं?"

"मी," फादर म्हणाले, "मी तर वेदीवरून तुमचं कौतुक करत होतो." आणि त्यांनी चष्मा काढला.

"मी नवस मोडला, म्हणून गेली का हो ती?"

"ती आधी गेली, काका. तुम्ही नंतर बोललात."

"म्हणजे मी तो पाळला, म्हणून गेली." काका माझ्या लोंबत्या हातोडीकडे बघत राहिले. "पाळला, म्हणून गेली."

"उद्याच्या गाडीनं जा," फादर म्हणाले.

"उद्या ईस्टर. घंटा कोण वाजवणार?"

"मी ओढते की!" मावशी ओरडल्या. "त्या दोराला काय शिंगं आहेत? तुम्ही जा!"

"तुम्हाला जमायचं नाही, मावशी. ताल चुकला तर गावाला वाटेल आग लागली. सोमवारी जातो."

मावशी अजून म्हणतात, तेव्हाच झाडूने बडवून त्यांना गाडीत घालायला हवे होते.

त्या संध्याकाळी गौरवगीत सुरू झाले आणि काकांनी घंटा अशी वाजवली, की जांभळी कापडे निघायच्या आत माणसे रडू लागली. मी कोपऱ्यात मोडून पडलो होतो. प्रत्येक ठोक्याखाली काका काहीतरी म्हणत होते. घंटेच्या आवाजात ते कुणालाच ऐकू आले नाही. मला आले.

रविवारी ते दिवसभर तयारी करीत होते. साळूपुढे काय बोलायचे, त्याची. "साळू, माझं चुकलं," असे एकदा म्हणून पाहिले, नुसतेच वाटले. "साळू, बाप आहे मी तुझा," हे तर फारच वाईट. शेवटी एक वाक्य जमले. "साळू, तो राग नव्हता गं. मला एकट्याला भीती वाटली." ते त्यांनी भांडी घासताना म्हटले, सदऱ्याला इस्त्री करताना म्हटले, मला कपाटात ठेवताना म्हटले. आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. दिवेलागणीपर्यंत सगळ्या गल्लीला ते वाक्य पाठ झाले. दूधवाल्याने तर दारातून सल्लाही दिला, "काका, 'गं' जरा लांबवा, बरं वाटतं."

सोमवारी सकाळची घंटा वाजली नाही.

ईस्टर होऊन गेलेला, आभाळ स्वच्छ, आणि मनोरा गप्प. लोक दारात येऊन वर बघू लागले. कुणी म्हणाले, भोंगा उत्साहात पहाटेच चालत निघाला असेल. मावशी जिना चढून आल्या. काका पायरीवर बसले होते, इस्त्रीचा सदरा घातलेला, पिशवी मांडीवर, डोके भिंतीला टेकलेले. दोराचे टोक हातात होते. मावशींनी दोनदा हाक मारली. मग त्यांनी काकांच्या बोटांतून दोर सोडवला आणि स्वतःच ओढला. ताल चुकला. पण गावाला आग वाटली नाही. सगळ्यांना बरोबर कळले.

साळू दुसऱ्या दिवशी आली. तिच्याजवळ जो तो आला, तो तेच सांगू लागला. दुकानदार म्हणाला, "तुझे बाबा म्हणत होते, तो राग नव्हता." दूधवाला कॅन खाली ठेवून म्हणाला, "त्यांना एकट्याला भीती वाटली, ताई." समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी तिचा हात धरून पूर्ण वाक्य म्हटले, 'गं' लांबवून. सगळ्या गावाने म्हणून दाखवले. ज्याचे वाक्य होते, त्याच्या तोंडून तेवढे ऐकायचे राहिले.

मावशी तिला मनोऱ्यात घेऊन आल्या आणि पायरीवर बसवून नवसाची गोष्ट सांगितली. साळू ऐकत होती. रडत नव्हती. तिने कपाट उघडून मला बाहेर काढले आणि तुटकी हातोडी बोटांनी चाचपली, रोग्याचे हाड चाचपतात तशी.

"मी गाडीच्या पायरीवर होते, मावशी," ती म्हणाली. "वर बघितलं. हे हलवत होते. मला वाटलं, कबरीपाशी लोकांना बोलावताहेत. या, या, प्रभू एकटा आहे." तिने हातोडी मुठीत धरली. "मी मनात म्हटलं, बघा, आताही घंटावाला आपलं कामच करतोय. मला कसं कळलं नाही, कोण एकटं आहे ते?"

मग ती रडली. बापाइतक्याच मोठ्या आवाजात. घंटेची काशाची कड त्या आवाजाने हळूच गुणगुणू लागली. ही थाप नाही. मावशींना विचारा.

रडून झाल्यावर तिने पिशवीतून रुग्णालयातली पट्टी काढली आणि माझी हातोडी सांध्याला बांधली. घट्ट, पण हलता येईल अशी. शेवटी छोटी गाठ मारली. तीच ही चिंधी. तेव्हापासून माझा आवाज खट राहिला नाही. बंद दारावर कुणी मूठ ठोकावी, तसा दबका येतो. नव्या सुताराला लोखंडी बिजागरी बसवायची होती. साळू नको म्हणाली.

त्या शुक्रवारी ती दर वर्षी येते. महिनाभर आधी रजा मागून घेते. पायऱ्यांवर उभी राहून मला फिरवते, आणि गप्प राहत नाही. येणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारते. शेवटच्या बाकावर बसायला चाललेल्या माणसालासुद्धा. सगळे आत गेले, की मला घेऊन त्याच बाकाशी गुडघे टेकते. मी पूर्वी जिथे होतो, तिथेच. काय म्हणते, ते सांगणार नाही. ते माझ्यात मुरले आहे.

तर मित्रांनो, माझी काळजी घ्या. वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा, वाळवीपासून जपा, आणि धोपटणे समजून नळाखाली नेऊ नका. पट्टी मळली तरी बदलू नका. आणि तुमच्या तोंडात कुणाचे नाव अडकले असेल, तर ते ईस्टरसाठी राखून ठेवू नका. घंटा वाजेपर्यंत थांबू नका. शुक्रवारीच बोला, शोकाच्या घरातच बोला, ताल चुकला तरी बोला. माझ्याकडे एकच शब्द होता, आणि त्या दुपारी तो पुरला नाही. तुमच्याकडे तर किती आहेत.